विस्मृत नावांचे पुनरागमन : ब्रिटन व आयर्लंड येथील पुत्रनामकरणाचा ऐतिहासिक विचार

१

राजाज्ञा, तहनामे आणि करांच्या वह्या ह्यांतून राज्यकर्त्यांची इच्छा इतिहासाला कळते. सामान्य माणसाच्या इच्छेची नोंद मात्र क्वचितच मागे उरते. अशा विरळ नोंदींपैकी एक म्हणजे त्याने आपल्या अपत्याला दिलेले नाव. घर भाड्याचे, शेत खंडाचे आणि भाषाही कदाचित परक्याची लादलेली असली, तरी मुलाला कोणत्या नावाने हाक मारावयाची, एवढे ठरविणे बहुधा बापाच्या हाती राहते. त्यामुळे एखाद्या प्रदेशातील नावांचा प्रवाह कोठे आटला, कोठे वळला आणि कोठे पुन्हा वर आला, हे पाहिले असता त्या समाजाच्या मनातील आशा आणि भीती ह्यांचा बराच थांग लागतो.

ह्या दृष्टीने ब्रिटिश बेटांचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. तेथे मुलग्यासाठी ‘वेगळे’ नाव शोधणाऱ्या आईबापांसमोर आज शेकडो पर्याय असतात : अँग्लो-सॅक्सन राजांची नावे, वेल्श पुराणकथांतील वीर, आयरिश संत, जुन्या घराण्यांची आडनावे. ही नावे अपरिचित वाटतात म्हणून निवडली जातात. परंतु त्यांपैकी बहुतेक एके काळी गल्लीबोळांत ऐकू येणारी, अगदी सामान्य नावे होती. ती अपरिचित कशी झाली, आणि परत आली तेव्हा कोणत्या वाटेने आली, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. आजोबांकडून नातवाकडे चालत आलेले नाव आणि ग्रंथातून शोधून काढलेले नाव ह्यांत जो भेद आहे, तो ह्या विवेचनाच्या मुळाशी आहे.

२

नॉर्मन विजयापूर्वीच्या इंग्लंडमध्ये नाव देणे हे बऱ्याच अंशी नाव घडविणेच होते. जुन्या इंग्रजीतील व्यक्तिनामे सामान्यतः दोन घटकांची असत. ‘एथेल’ म्हणजे उदात्त, ‘एड’ म्हणजे संपत्ती, ‘वुल्फ’ म्हणजे लांडगा, ‘स्टान’ म्हणजे पाषाण, ‘रेड’ म्हणजे मसलत. ह्या घटकांच्या निरनिराळ्या जोडण्यांतून प्रत्येक मुलाला स्वतंत्र नाव मिळे, आणि एखादा घटक आईबापांच्या नावांतून उचलला की कुळाशी नातेही टिके. वूस्टरचा बिशप संत वुल्फस्टान हे ह्याचे प्रसिद्ध उदाहरण. त्याच्या बापाचे नाव एथेलस्टान व आईचे वुल्फगिफू. दोघांच्या नावांतील एकेक घटक घेऊन मुलाचे नाव सिद्ध झाले. अशा पद्धतीत ‘नवे’ नाव आणि ‘घरचे’ नाव ह्यांत विरोध नव्हता. प्रत्येक नाव नवे असूनही घरचेच असे.

१०६६ च्या विजयानंतर ही पद्धती मोडली. विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, हेन्री, रॉजर, ह्यू ही जेत्यांची नावे प्रथम जमीनदारांच्या घरांत व पुढे शेतकऱ्यांच्या झोपड्यांत शिरली. ह्यासाठी कोणताही कायदा करावा लागला नाही. सत्तेच्या जवळ असलेले नाव मुलाला उपयोगी पडेल, असे बापाला वाटले, आणि चारपाच पिढ्यांत वुल्फस्टान, लिओफ्रिक, गॉडविन ही नावे म्हाताऱ्यांची, मग खेडवळांची आणि अखेरीस कोणाचीच राहिली नाहीत. जी मोजकी जुनी नावे तगली, ती संतपदाच्या आश्रयाने. तिसऱ्या हेन्रीने आपल्या मुलांना एडवर्ड (१२३९) व एडमंड (१२४५) अशी नावे ठेविली, ती एडवर्ड कन्फेसर आणि संत एडमंड ह्या सॅक्सन राजसंतांवरील भक्तीमुळे. फ्रेंच बोलणाऱ्या दरबारात ही नावे त्या वेळी खचितच वेगळी वाटली असतील. परंतु त्या एका निवडीने ‘एडवर्ड’ हे नाव इंग्लंडच्या सिंहासनाला कायमचे जोडले गेले.

ह्यानंतरचा काळ हा नावांच्या दुष्काळाचा होय. मुलाचे नाव बाप्तिस्म्याच्या वेळी उच्चारले जाई आणि मुख्य धर्मपित्याचेच नाव मुलाला देण्याची चाल रूढ होती. थोड्या नावांतूनच पुन्हा थोडी नावे निघत गेली. नॉरफकमधील पॅस्टन घराणे आपल्या पंधराव्या शतकातील पत्रव्यवहारामुळे प्रसिद्ध आहे. त्या घरात एकाच बापाचे दोन हयात मुलगे ‘जॉन’ ह्याच नावाचे होते, आणि बापही जॉनच होता. आजच्या वाचकाला हा प्रकार हास्यास्पद वाटेल. परंतु त्या काळी नावाचे कार्य व्यक्तीला इतरांपासून वेगळे काढणे हे नसून तिला संताशी, धर्मपित्याशी आणि कुळाशी जोडणे हे होते. वेगळेपणाची हौस ही नंतरची आहे.

३

ह्या संकुचित परंपरेला सोळाव्या शतकात दोन बाजूंनी धक्के बसले. पहिला धक्का धर्मसुधारणेचा. संतपूजा नाकारणाऱ्या पंथीयांना संतांची नावेही नकोशी झाली व त्यांनी बायबलच्या जुन्या करारातील नावे शोधून काढली. १५६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जिनीव्हा बायबलला अशा नावांच्या अर्थांचे एक कोष्टकच जोडलेले होते. नामकरणासाठी छापील ग्रंथ उघडून बघण्याच्या सवयीचा उगम पुष्कळ अंशी येथे दिसतो. काही कडव्या प्यूरिटन उपदेशकांनी तर ह्याच्याही पुढे जाऊन उपदेशपर वाक्येच नावे म्हणून दिली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ससेक्स परगण्यातील काही पॅरिशांच्या वह्यांत ‘मच-मर्सी’ (अपार करुणा), ‘सिन-डिनाय’ (पापाचा अव्हेर कर), ‘फिअर-नॉट’ (भिऊ नकोस) अशी नावे आढळतात. ह्या प्रथेतील सर्वांत विख्यात गृहस्थ म्हणजे लंडनचा चर्मव्यापारी प्रेझ-गॉड बेअरबोन. १६५३ च्या पार्लमेंटचा तो सभासद होता, आणि विरोधकांनी त्या सबंध पार्लमेंटलाच त्याच्या नावावरून ‘बेअरबोन पार्लमेंट’ असे उपहासाने संबोधिले. बापाने ईश्वरस्तुतीसाठी दिलेले नाव मुलाच्या वाट्याला थट्टा म्हणून आले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. असामान्य नावाचा भार ते ठेवणारा वाहत नाही; ज्याला ते ठेविले जाते तो वाहतो.

दुसरा धक्का मालमत्तेचा. विल्यम कॅम्डेन ह्या इतिहासकाराने आपल्या १६०५ च्या ग्रंथात आडनावे पहिले नाव म्हणून देण्याच्या नव्या चालीची नोंद केली आहे. लेडी जेन ग्रे हिचा पती गिल्फर्ड डडली ह्याचे नाव हे ह्याचे आरंभीचे एक उदाहरण; गिल्फर्ड हे त्याच्या आईचे माहेरचे आडनाव होते. आईकडील घराणे, त्याचा वारसा व त्याचे हक्क मुलाच्या नावात गोंदून ठेवण्याचा हा उपाय होता. पुढे सिडनी, पर्सी, स्टॅन्ली, हॉवर्ड ही सरदारघराण्यांची आडनावे ज्यांचा त्या घराण्यांशी कवडीचाही संबंध नाही अशा दुकानदारांच्या व कारकुनांच्या मुलांना मिळू लागली, तेव्हा वारशाची खूण ही वारशाच्या अभिलाषेची खूण बनली. कवी टेनिसनने १८५२ मध्ये आपल्या मुलाला ‘हॅलम’ हे नाव दिले, ते मात्र मालमत्तेसाठी नव्हे. अकाली निधन पावलेल्या आर्थर हॅलम ह्या मित्राच्या स्मृतीसाठी. एकाच रूढीतून कुळाभिमान, हव्यास व शोक असे तीन भिन्न भाव व्यक्त होऊ शकतात, हे ह्यावरून दिसते.

४

इंग्लंडमधील जुन्या सॅक्सन नावांचे पुनरुज्जीवन अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत झाले, आणि ते सर्वथा ग्रंथांच्या द्वारे झाले. आल्फ्रेड हे नाव मध्ययुगानंतर फार विरळ झाले होते. जर्मनीतून आलेल्या हॅनोव्हर राजवंशाला आपले इंग्रजत्व सिद्ध करावयाचे असल्याने आल्फ्रेड राजाची स्मृती त्याला सोयीची वाटली. १७४० मध्ये युवराज फ्रेडरिकसमोर ‘आल्फ्रेड’ ह्याच नावाचे संगीतरूपक सादर झाले. १७८० मध्ये तिसऱ्या जॉर्जने आपल्या एका मुलाचे नाव आल्फ्रेड ठेविले. आणि १८४४ मध्ये व्हिक्टोरिया राणीने आपल्या दुसऱ्या मुलाला तेच नाव दिले. त्या शतकाच्या उत्तरार्धात आल्फ्रेड हे गिरणीकामगारांच्या वस्तीतीलही नित्याचे नाव झाले होते. १९०१ मध्ये विंचेस्टर येथे आल्फ्रेड राजाचा भव्य पुतळा उभा राहिला तेव्हा त्याचे नाव धारण करणारी हजारो मुले शाळेत जात होती. परंतु त्यांपैकी एकालाही ते आजोबा-पणजोबांच्या अखंड साखळीने नवव्या शतकातून मिळाले नव्हते.

‘हॅरल्ड’ ह्या नावाची कथा ह्याहून विस्मयकारक आहे. हेस्टिंग्जच्या रणांगणावर १०६६ मध्ये पडलेल्या पराभूत राजाचे हे नाव शतकानुशतके जवळजवळ लुप्त होते. बायरनचे १८१२ पासून प्रसिद्ध झालेले काव्य आणि बुल्वर-लिटनची १८४८ मधील कादंबरी ह्यांनी ते पुन्हा वाचकांच्या कानावर घातले. १८९४ मध्ये जन्मलेले मॉरिस हॅरल्ड मॅकमिलन आणि १९१६ मध्ये जन्मलेले जेम्स हॅरल्ड विल्सन हे दोघेही पुढे ह्याच नावाने ब्रिटनचे पंतप्रधान झाले. ‘सेड्रिक’ तर याहून विचित्र. हे नाव वॉल्टर स्कॉटने १८१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘आयव्हॅन्हो’ ह्या कादंबरीत योजिले. वेसेक्सचा आद्य राजा सर्डिक ह्याच्या नावातील अक्षरांची बहुधा अदलाबदल होऊन ते बनले असावे. १८८६ मधील ‘लिट्ल लॉर्ड फाँट्लरॉय’ ह्या बालकादंबरीच्या नायकाला ते मिळाले आणि अनेक घरांतील पाळण्यांपर्यंत पोहोचले. आपण प्राचीन सॅक्सन नाव निवडीत आहोत अशा समजुतीने आईबापांनी जे नाव घेतले, ते कोणत्याही सॅक्सन बापाने ह्या रूपात आपल्या मुलाला दिल्याचा पुरावा नाही.

असे असले तरी इंग्लंडमधील ह्या पुनरुज्जीवनात कोणाचे काही हिरावले गेले नव्हते, हेही म्हटले पाहिजे. जेते व जित ह्यांचे मिश्रण केव्हाच पूर्ण झाले होते. नाव परत आले ते अलंकार म्हणून. आयर्लंडमध्ये गोष्ट निराळी होती.

५

प्राचीन आयर्लंडमधील नावांची संपत्ती अफाट होती; १९८१ मध्ये ओ कोराँ आणि मॅग्वायर ह्या विद्वानांनी सिद्ध केलेल्या नामकोशावरून तिची कल्पना येते. तेथील ख्रिस्ती लोक थोर संतांचे नाव सरळ मुलाला देण्यास पूर्वी संकोच करीत. संतनामामागे ‘मील’ म्हणजे मुंडन केलेला भक्त किंवा ‘गिल्ला’ म्हणजे सेवक हा शब्द जोडून ते मुलाला देत. गिल्ला पॅट्रिक म्हणजे संत पॅट्रिकचा सेवक. आपल्याकडील ‘रामदास’ सारख्या नावांमागे जी नम्रता आहे, तीच येथे आहे.

११६९ नंतर अँग्लो-नॉर्मन सरदार आले आणि त्यांच्याबरोबर परकी नावेही आली. फ्रेंच ‘जेआन’चे शॉन झाले, विल्यमचे लियम, जेरल्डचे गॅरोड, एडमंडचे एमन. जगभर आज ‘अस्सल आयरिश’ म्हणून जी नावे ओळखली जातात, त्यांतील कित्येक अशी आक्रमकांच्या जहाजांतून आलेली आहेत. उलट दिशेनेही नावे वाहत होती. वसाहतवाले इंग्रज आयरिश चालीरीती स्वीकारीत असल्याने १३६६ च्या किल्केनी कायद्यान्वये त्यांनी इंग्रजी नावच धारण केले पाहिजे, असा निर्बंध घालण्यात आला. १४६५ च्या कायद्याने तर डब्लिनभोवतालच्या परगण्यांतील आयरिश लोकांना एखादे गाव, रंग, कसब वा हुद्दा ह्यांवरून इंग्रजी आडनाव घ्यावयास फर्माविले. नाव ही निष्ठेची खूण आहे, हे राज्यकर्त्यांनी ओळखले होते.

परंतु खरी उलथापालथ सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांत झाली. जमिनीची दप्तरे, न्यायालये व पुढे शाळा ह्यांची भाषा इंग्रजी. आयरिश नावे त्या लेखण्यांना झेपत नव्हती. मग प्रत्येक आयरिश नावाला एक ‘समानार्थक’ नाव शोधण्यात आले. समानार्थक म्हणावयाचे एवढेच. अर्थाचा त्यात संबंध नव्हता, केवळ ध्वनीचे अंधुक साम्य असे, कधी तेवढेही नसे. डीरमिडचे जेरेमाया, ताइगचे टिमथी, डोनखाचे डेनिस, कोन्खोवरचे कॉर्नीलियस, काहलचे चार्ल्स, टर्लाखचे टेरेन्स, आणि एनगस ह्या प्राचीन नावाचे तर ट्रॉयच्या वीराचे नाव ‘ईनियस’. रोमन सेनापती व हिब्रू प्रेषित ह्यांची नावे अशा रीतीने कॉर्क व केरी परगण्यांतील डोंगराळ खेड्यांत पसरली. १८६४ पासून आयर्लंडमध्ये सर्व जन्मांची सरकारी नोंदणी सुरू झाली, आणि नोंदवहीच्या रकान्यात हीच नावे उतरली.

ह्या घडामोडीचा सर्वांत महत्त्वाचा विशेष असा की, साखळी तुटली नाही. तिने केवळ वेष पालटला. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचे आणि दुसऱ्याला आईच्या बापाचे नाव देण्याची रूढी तेथे दृढ होती. त्यामुळे आजोबा डीरमिड आणि नातू जेरेमाया हे कुटुंबाच्या दृष्टीने एकाच नावाचे होते. चुलीजवळ हाक मारली जाई ती जुन्या नावाने, आणि जमीनदाराच्या वहीत लिहिले जाई ते नवे. कॉर्क परगण्यातील रॉसकार्बरी येथे १८३१ मध्ये जन्मलेला क्रांतिकारक जेरेमाया ओडॉनोव्हन रॉसा हा आयरिश भाषेत डीरमिडच होता. बाहेरच्या माणसाला जेरेमाया हे बायबलमधील एक चमत्कारिक नाव वाटे; त्या घरातील माणसाला त्यात आपला पणजोबा ऐकू येई.

उरलेल्या जुन्या नावांचे जे झाले ते अधिक दुःखद होय. ‘ताइग’ हे इतके सार्वत्रिक नाव होते की, इंग्रजांनी ते कोणत्याही आयरिश माणसासाठी तुच्छतेने वापरावयास आरंभ केला. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिकांसाठी एक शिवी म्हणून ते विसाव्या शतकातही भिंतींवर रंगविले जात असे. ज्या नावाची शिवी झाली, ते नाव आपल्या मुलाला कोणता बाप देईल? नाव टाकून देणाऱ्या आईबापांना स्वाभिमानशून्य म्हणणे सोपे आहे. मुलाला नोकरी मिळावी, बोस्टनच्या बंदरावर उतरताना त्याला हसू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

६

२५ नोव्हेंबर १८९२ रोजी डग्लस हाइड ह्यांनी डब्लिन येथे राष्ट्राच्या अंगी भिनलेले इंग्रजी वळण काढून टाकण्याच्या आवश्यकतेवर व्याख्यान दिले. त्यात भाषेच्या व ग्रामनामांच्या ऱ्हासाबरोबर व्यक्तिनामांच्या व आडनावांच्या विद्रूपीकरणाचाही त्यांनी परामर्श घेतला होता. पुढच्याच वर्षी गेलिक लीगची स्थापना झाली. तिचे एक संस्थापक जॉन मॅकनील हे पुढे ‘ओइन’ म्हणून ओळखले जाऊ लागले. पॅट्रिक वुल्फ ह्या धर्मोपदेशकाने १९०६ मध्ये आयरिश आडनावांचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९२३ मध्ये मुलांसाठी आयरिश नावांची एक पुस्तिका काढली. आईबापांच्या हाती आता पुन्हा एकदा छापील यादी आली.

ह्या चळवळीला किती प्रतिकार सहन करावा लागे, हे १९०५ मधील एका खटल्यावरून ध्यानात येते. डॉनिगॉल परगण्यातील नीअल मॅक गिल्ला ब्रीडे ह्या कवीने आपल्या गाडीवर आपले नाव आयरिश लिपीत रंगविले. गाडीवर मालकाचे नाव सुवाच्य अक्षरांत असले पाहिजे, असा कायदा होता, आणि आयरिश अक्षरे ही सुवाच्य नव्हेत, असे पोलिसांचे म्हणणे पडले. डब्लिनच्या न्यायालयात त्याची बाजू मांडावयास उभे राहिले तरुण वकील पॅट्रिक पिअर्स, हेच पुढे १९१६ च्या उठावाचे एक नेते म्हणून गोळीबारपथकासमोर मृत्यू पावले. खटला ते हरले. ‘गिल्ला ब्रीडे’ म्हणजे संत ब्रिजिडचा सेवक. मध्ययुगीन भक्तिभावातून उतरलेले हे नाव स्वतःच्या गावात, स्वतःच्या गाडीवर वाचता न येण्याजोगे ठरले.

कॅथलिक चर्चचे धोरण ह्या बाबतीत सावध होते. १९१७ च्या धर्मविधिसंहितेनुसार बाप्तिस्म्यात ख्रिस्ती नाव दिले जाईल अशी दक्षता धर्मगुरूने घ्यावी, आणि आईबाप ऐकत नसतील तर संताचे नाव जोडून दोन्ही नावे वहीत लिहावी, अशी तरतूद होती. त्यामुळे ज्या आयरिश नावांना एखादा संत लाभला होता, त्यांची वाट सुकर झाली. कीवीन अथवा केव्हिन, डेक्लन, किलियन, ब्रेंडन ही नावे संतांची. फिन व ओशीन ही मूर्तिपूजक काळातील वीरांची. पहिल्या वर्गातील नावे पुष्कळशी आधी रुळली. १९८३ च्या संहितेत हे बंधन शिथिल झाले असून नाव ख्रिस्ती भावनेस परके नसावे, एवढीच अपेक्षा आता उरली आहे.

पुनरुज्जीवनाची एक निराळी बाजूही आहे. जुने नाव परत मिळविण्याचा हक्क केवळ त्याच्या वारसांचाच असतो काय? ऑस्कर हे फिनच्या नातवाचे नाव. मॅक्फर्सनच्या ‘ऑसिअन’ काव्यांनी १७६० नंतर युरोपभर वेड लावले. नेपोलियन त्यांचा चाहता होता, आणि १७९९ मध्ये जन्मलेल्या बेर्नादोतच्या मुलाला, आपल्या धर्मपुत्राला, त्याने ऑस्कर हे नाव सुचविले. हा मुलगा पुढे स्वीडनचा राजा झाला. १८५४ मध्ये डब्लिनमधील एका विद्वान दांपत्याने आपल्या मुलाला ऑस्कर फिंगल ही नावे दिली, तेव्हा ते नाव राष्ट्राभिमानाचे होते आणि युरोपीय फॅशनचेही. तो मुलगा ऑस्कर वाइल्ड होय. ह्याच्या उलट १८९९ मध्ये लंडनमध्ये जन्मलेल्या आल्फ्रेड विल्मोर ह्या इंग्रज नटाने आयरिश भाषा आत्मसात केली, मीहॉल मॅक लियमोर असे नाव घेतले आणि १९२८ मध्ये डब्लिनच्या गेट थिएटरच्या स्थापनेत पुढाकार घेतला. तो जन्माने आयरिश नव्हता, हे सर्वसामान्यांना त्याच्या मृत्यूनंतरच कळले. आईबापांनी त्याला दिलेले आल्फ्रेड हेदेखील ग्रंथातून परत आलेलेच नाव होते. ते टाकून त्याने दुसरे ग्रंथगत नाव घेतले, आणि त्याला शोभेल असे आयुष्य घडविले.

७

ग्रंथातून आलेल्या नावाचे मोल व उणीव ह्या दोहोंचे सर्वांत स्पष्ट उदाहरण वेल्समध्ये सापडते. तेथेही लेवेलिनचे लुईस आणि यॉरवर्थचे एडवर्ड अशी रूपांतरे झाली होती. १८३८ ते १८४९ ह्या काळात लेडी शार्लट गेस्ट ह्यांनी ‘मॅबिनोगियन’ म्हणून परिचित असलेल्या मध्ययुगीन वेल्श कथांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यांतील एका कथेत आरिअनरॉड ही आपल्या मुलाला शाप देते की, मी नाव ठेवीन तेव्हाच ह्याला नाव मिळेल. आणि मुलाचा पालनकर्ता कपटाने तिच्या तोंडून नाव वदवून घेतो. नाव नसलेला मुलगा जगात उभा राहू शकत नाही, ही त्या कथेतील जाणीव फार जुनी आहे. ह्याच कथेत त्या मुलाचा जुळा भाऊ बाप्तिस्मा होताच समुद्राकडे धावतो व माशासारखा पोहू लागतो. त्याचे नाव डिलन.

२७ ऑक्टोबर १९१४ रोजी स्वान्सी येथील एका इंग्रजीच्या शाळाशिक्षकाने आपल्या मुलाला हे नाव दिले. त्या वेळी ते इतके अपरिचित होते की, मूळ वेल्श उच्चार ‘डलन’ असा असल्याने शाळेतील मुले त्याला इंग्रजीतील ‘डल’, म्हणजे मठ्ठ, म्हणून चिडवतील, अशी भीती आईला वाटत होती. मुलगा मोठा होऊन कवी डिलन टॉमस झाला, आणि त्याने स्वतः इंग्रजी वळणाचा ‘डिलन’ हाच उच्चार पत्करला. आई आणि वडील दोघेही वेल्श बोलत असत. परंतु मुलांना त्यांनी ती भाषा शिकविली नाही. भाषा दिली नाही, नाव मात्र दिले. एका हाताने जे सोडले त्याची भरपाई दुसऱ्या हाताने करण्याचा हा प्रयत्न होता, असे म्हणावयास हरकत नाही. आणि ब्रिटिश बेटांतील असंख्य ‘वेगळ्या’ नावांच्या मुळाशी हीच धडपड दिसून येते. पुढे एका अमेरिकन गायकाने १९६२ मध्ये ‘डिलन’ हे आपले कायदेशीर आडनाव केले आणि ते नाव वेल्सशी कसलाही संबंध नसलेल्या घरांतही पोहोचले.

अशा प्रवासात नाव आपला अर्थ पूर्णपणे गमावूही शकते. केव्हिन हे विकलो डोंगरांतील विरक्त संताचे नाव १९९१ मध्ये जर्मनीत मुलग्यांचे सर्वाधिक लोकप्रिय नाव होते. पुढे तेथे ते अशिक्षित कुटुंबाची खूण मानले जाऊ लागले, आणि काही शिक्षक केवळ नावावरून मुलाविषयी प्रतिकूल ग्रह करून घेतात, असे २००९ मध्ये ओल्डेनबुर्ग विद्यापीठातील एका अभ्यासात आढळून आले.

८

आज ब्रिटन व आयर्लंड येथे नावाची संमत यादी नाही आणि निवडीचे स्वातंत्र्य जवळजवळ निरंकुश आहे. १८०० च्या सुमारास जॉन, विल्यम व थॉमस ह्या तीनच नावांनी इंग्लंडमधील मुलग्यांचा फार मोठा भाग व्यापला होता. २०२३ मध्ये इंग्लंड व वेल्स येथे अग्रस्थानी असलेले मुहम्मद हे नाव ४,६६१ मुलग्यांना देण्यात आले. हे प्रमाण शंभरात दोनही भरत नाही. ‘ब्रिटिश पद्धतीचे नाव’ ही कल्पना पूर्वीही स्थिर नव्हती. आता तर ती अनेक भाषांत विभागली गेली आहे. सर्वच नावे विरळ झाली असता विरळ नावाचे वैशिष्ट्य ते काय राहिले, असा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो.

आयर्लंडमध्ये फिन, ओशीन, किलियन, रीअन ही नावे आता पुढच्या रांगेत आहेत. एके काळी शिवी ठरलेले ताइग हे नावही त्यांत आहे, आणि ते धारण करणाऱ्या बालकाला त्याची लाज वाटण्याचे कारण उरलेले नाही. २०२१ च्या राजभाषा दुरुस्ती कायद्याने सार्वजनिक संस्थांनी आयरिश नावे त्यांच्या दीर्घस्वरचिन्हांसह अचूक नोंदविली पाहिजेत, अशी तरतूद केली. म्हणजे डॉनिगॉलच्या त्या गाडीवानाची मागणी सुमारे शंभर वर्षांनी संगणकाच्या पडद्यावर मान्य झाली.

परंतु ह्या विजयाची एक किंमत आहे. डीरमिड परत आला तसा जेरेमाया मावळला. कॉर्नीलियस व टिमथी ही कॉर्क परगण्यातील आजोबांची नावे आता विरळ झाली आहेत. ती परक्यांनी दिलेली, ध्वनीच्या ओढाताणीने बनलेली होती, हे खरे. तथापि शेदोनशे वर्षे त्याच वेषात कुळाची साखळी जिवंत राहिली होती. दुष्काळात मेलेली, देशांतराला गेलेली माणसे ह्याच नावांची होती. अस्सल म्हणून कथाग्रंथातील वीराचे नाव निवडणारा बाप नकळत स्वतःच्या आजोबाला ओलांडून जातो. आयरिश नामपरंपरेतील तुटलेला दुवा खरोखर सांधावयाचा असेल, तर नामकोशाइतकीच पॅरिशची जुनी वहीही चाळली पाहिजे. तिच्यातील हिब्रू व लॅटिन नावांच्या ओळींखाली जी दुसरी नावे दडलेली आहेत, ती त्या घरांत अजून कोणाला तरी ठाऊक असण्याचा संभव आहे. आणखी एकदोन पिढ्यांनंतर तो राहणार नाही.